गादीवरून घेतलेलं नाव

पऱ्हाटी यंदा एकदम फुटली. दर साली ती माणसाला श्वास घ्यायला सवड ठेवून फुटते. आधी बुडाची बोंडं, मग मधली, शेंड्याची पार संक्रांतीकडं. यंदा दिवाळीनंतर उन्हानं आठ दिवस धरलं आणि केशवरावांचं तीन एकर रान खालपासून वरपर्यंत पांढरं झालं. आता त्यावर आभाळ येऊन बसलं होतं. दोन शिंतोडे आले असते तरी कापूस काळा पडायला वेळ नव्हता, आणि वेचायला बाई भेटत नव्हती. गावातल्या ज्या हातांनी आजवर कापूस वेचला, ते हात सकाळी सहाला फाट्यावर उभे राहत. तेलाच्या फॅक्टरीची गाडी येई आणि त्यांना घेऊन सौंसरच्या रस्त्यानं निघून जाई.

म्हणून रानात दोघंच होते, केशवराव आणि त्यांची बायको वच्छला. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसत. सांजेपर्यंत बोटं अशी होत की वरणात भाकर मोडली तरी झोंबावी.

"उर्वशीले दोन दिवसाची सुट्टी मागाले लावा ना," वच्छला कंबर धरून उभी राहत म्हणाली. "पोरगी असली तं चार ओळी जास्त होतीन."

"तुले काही समजते का? ऑफिसातल्या माणसाले अशी उठसूठ सुट्टी भेटते? एमएस्सी झालेली पोरगी हाय थे. तिच्या सहीबिगर तिथं कागद हालत नसन."

वच्छला पुढच्या झाडाकडं वळली आणि भराभर बोंडं उपसू लागली.

केशवराव स्वतः नववीपर्यंत शिकलेले. पण गेली तीस वर्षं गावातलं एकही कीर्तन त्यांच्या टाळांवाचून झालं नव्हतं. कीर्तनकाराच्या मागं रांगेत उभं राहायचं, महाराजांनी चाल उचलली की पाय आपोआप उचलायचा, आणि पुंडलिकाचं नाव आलं की डोळ्यांतून पाणी वाहू द्यायचं, हे त्यांचं सुख. महाराज विद्येचा महिमा सांगू लागले की त्यांना वाटे, हे आपल्या उर्वशीविषयीच बोलून राहिले. पोरगी छिंदवाड्याला राहून रसायनशास्त्रात एमएस्सी झाली, कॉलेजातून पहिली आली. मग चार वर्षं फॉर्म भरले, परीक्षा दिल्या. भरतीच्या तारखा पुढं सरकत राहिल्या आणि पोरगी घरात चिडचिडी होत गेली. दसऱ्यानंतर एक दिवस ती म्हणाली, "बाबा, फॅक्टरीत लागली मी." एवढंच म्हणाली. बाकीचं सारं केशवरावांनी मनानं जोडून घेतलं. टेबल जोडलं, खुर्ची जोडली, डोक्यावर पंखाही लावून दिला.

"अन् ऐक," ते ओटी गाठोड्यात रिकामी करत म्हणाले. "सप्त्याच्या काल्याले गुणवंतांचा सत्कार हाय औंदा. मी नाव देऊन आलो."

"कोणाचं नाव?"

"कोणाचं म्हंजे? उर्वशीचं."

वच्छलाचा हात बोंडावरच थांबला. "तिले विचारलं का?"

"सत्काराले विचारा लागते का? अचानक नाव पुकारलं म्हंजे कशी खुश होईन पोरगी! तू सांगू नको बरं."

वच्छलाला त्या क्षणी बोलायचं होतं. लेकीनं तिला शपथ घातली होती ती निराळी, पण शपथेपेक्षा समोरच्या माणसाच्या तोंडावरचा आनंद मोठा होता. ओटीतला कापूस तिनं उगीच दाबून बसवला आणि गप्प राहिली. पुढं कित्येक दिवस ती या गप्प राहण्याला दोष देत होती.

काल्याचा दिवस रविवारी आला. मारुतीच्या देवळापुढं मांडव, सात दिवसांच्या पारायणानं ग्रंथांच्या पानांना बुक्क्याचा वास लागलेला. मागं भट्टीवर महाप्रसादाच्या पुऱ्या तळणं चालू. महाराज पांढुर्ण्याकडचे, वयानं तरुण, पण गळा असा की मांडवातली लेकरंसुद्धा रडायची थांबली. त्यांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडवल्या. कोणाची भाजी-भाकर, कोणाचं शिळं कोरडं, कोणाची नुसती मिरची. देवानं सगळ्यांचं एकात कालवलं आणि मग कोणाचं कोणतं ते कोणालाच ओळखेना. केशवराव टाळ वाजवत होते आणि रडत होते. दोन्ही कामं त्यांना एकाच वेळी येत.

दहीहंडी फोडण्याआधी सत्कार ठेवला होता. यंदा महाप्रसादाचं तेल फॅक्टरीकडून आलं होतं, तेव्हा ज्याचं दान त्याच्या हातानं शाल-श्रीफळ, या रिवाजाप्रमाणं फॅक्टरीचे सुपरवायझर वीरेंद्र सर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. देवळाच्या अध्यक्षांनी चिठ्ठ्या महाराजांच्या हाती दिल्या. केशवरावांनी आपली चिठ्ठी स्वतः, सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

महाराजांनी ती वाचली नाही, गायलीच. "कुमारी उर्वशी केशवराव! एमएस्सी, रसायनशास्त्र! कॉलेजातून पहिली! आणि आज आपल्याच भागातल्या तेलफॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर! बोला पुंडलिक वरदे..."

मांडव गर्जला. बायकांच्या बाजूला उर्वशी शेजारच्या चंचलला टेकून बसली होती. ती उठेना. बायांनी तिला हसत हसत ढकललं. ती आली ती मान खाली घालून. वीरेंद्रनं शाल उघडली, नीट घडी मोडून तिच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. फोटोसाठी दोघं क्षणभर उभी राहिली. तेवढ्यात वीरेंद्रचे ओठ हलले. टाळकऱ्यांच्या रांगेतून केशवरावांना वाटलं, अभिनंदन करून राहिला माणूस.

"का म्हणत होते तुहे साहेब?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"उद्या गेटवर भेट म्हणे."

"बढती देते का काय?"

उर्वशीनं शाल खाटेवर टाकली. "बाबा, तुम्हाले कोण सांगतलं होतं नाव द्याले? कोण सांगतलं होतं?"

"अवं, पण..."

"मी तिथं बाटल्याइले बूच लावून राहिली. सकाळी सातपासून. उभ्यानं. चंचल खोक्यात भरते, मी बूच लावतो. बारावीची अंकसूची दाखवून लागली मी. तिथं बारावीच्या वर घेतच नाई."

केशवरावांना आधी ते कळलंच नाही. "वरचं शिकलेलं असलं तं जास्त चांगलं ना?"

"शिकलेले टिकत नाई म्हणते. कायदा सांगते म्हणते. तीन ठिकाणी एमएस्सी दाखवली तं अनुभव मांगतला. इथं लपवली तं काम भेटलं. चंचलनंच सांगतलं होतं, वरचे कागद घरी ठेव म्हणून. दहावी झालेल्या पोरीले समजलं थे मले चार वर्षं समजलं नव्हतं."

केशवरावांनी बायकोकडं पाहिलं. "तुले ठाऊक होतं?"

वच्छला चुलीपाशी वाकून लाकूड सारत होती. सारायची गरज नव्हती, जाळ चांगला होता.

दुसऱ्या दिवशी उर्वशी गाडीत बसून गेली आणि दहाच्या सुमारास पायी परत आली. गेटवर तिचं कार्ड काढून घेतलं होतं. ती घरात न जाता सरळ रानात आली, आईच्या साडीचा तुकडा कमरेला बांधला आणि ओळीला लागली. दुपारपर्यंत तिनं दोघांच्या बरोबरीनं वेचलं. तिच्या बोटांना सवय नव्हती, कापसाला दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके लागले. तो कापूस तिनं वेगळा काढून ठेवला. बाप ते पाहत होता. चिडून ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मंगळवारी केशवराव धुतलेलं धोतर नेसून फॅक्टरीच्या गेटवर गेले. गार्डनं त्यांना सरकीचे ट्रक जिथून आत जात तिथं उभं केलं. प्रत्येक ट्रकला बाजूला सरायचं, धूळ खायची, परत जागेवर यायचं. असं दीड तास. मग वीरेंद्र बाहेर आला. माणूस मुळात वाईट नव्हता. सौंसरचाच, बोलायला मोकळा.

"काका, रविवारी टाळ छान वाजवले तुम्ही."

"साहेब, पोरीनं खोटं नाई सांगतलं जी तुम्हाले. बारावी तं झालीच हाय ना ते. फक्त वरचं नाई सांगतलं."

वीरेंद्र मनापासून हसला. "पॉइंट बरोबर आहे. कोर्टात चालला असता. पण काका, तिचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला, मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडं गेला. मोठ्या हुद्द्यावर! त्यानं मला फोन करून विचारलं, अरे, ही मोठ्या हुद्द्यावरची कोण आणि ती कधीपासून आपली साहेब झाली?"

केशवरावांनी खाली पाहिलं. धोतराची कड धुळीनं लाल झाली होती.

"थे माह्या हातची चूक हाय. मी लिहिलं होतं."

"मग दुरुस्त करा. ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून लिहून आणा, की चुकीनं बोलल्या गेलं, मुलगी बारावीच आहे. मी फाइलला लावतो, कार्ड देतो. मलाही चपळ हाताची पोरगी सोडायची नाही. फाइलचं पोट भरलं पाहिजे, बस."

संध्याकाळी केशवराव देवळात अध्यक्षांकडं गेले. मांडवाचे बांबू सोडणं चालू होतं. ऐकून अध्यक्षांनी हातातली दोरी खाली टाकली.

"केशवराव, डोकं जागेवर हाय का? नारदाच्या गादीवरून निघालेलं नाव खोटं होतं, असं देवळाच्या कागदावर लिहून देऊ?"

"चुकीनं म्हणा जी. खोटं नोका म्हणू."

"परवा चिठ्ठीत मोठ्या हुद्द्यावर लिहिता. आज म्हणता बारावी. उद्या म्हणसान पोरगीच नाई मले."

बांबू सोडणारे हसले. केशवरावही थोडं हसले, कारण हसणारी माणसं रोजची होती. घरी येताना मात्र अध्यक्षांचं गादीविषयीचं वाक्य त्यांच्या कानात राहिलं. अध्यक्ष बोलले ते त्यांच्याच मनातलं होतं. गादीवर उभा राहणारा कीर्तनकार माणूसच असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण तिथून निघालेल्या शब्दाला त्यांनी आजवर माणसाचा शब्द मानलं नव्हतं. त्या शब्दानं त्यांची आई गेली तेव्हा धीर दिला होता. आणि आता त्या शब्दालाच मागं घ्या म्हणायचं, तेही बुचांसाठी.

तरी बुधवारी ते बसनं लोधीखेड्याला गेले. महाराजांचं पुढचं कीर्तन तिथं होतं. महाराज एका घराच्या ओसरीत मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या करत होते. सलग कीर्तनांनी आवाज पार बसला होता. केशवरावांनी पायांवर डोकं ठेवलं ते उचलेनात.

"माउली, उठा. काय झालं?" महाराजांचा घोगरा आवाज ऐकून त्यांना आणखीच भरून आलं.

"महाराज, पाप मले लागो. तुम्ही काल्याले माह्या पोरीचं नाव घेतलं, शिक्षण सांगतलं. थे चुकीचं होतं, असं तुमच्या हातचं लिहून पायजे."

"पण ते चुकीचं आहे का?"

"नाई जी. खरं हाय."

"मग?"

"खऱ्यानं काम जाऊन राहिलं, महाराज."

महाराजांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग आतून कागद मागवला. केशवरावांना वाटलं होतं, रागावतील, चार शब्द सुनावतील, विद्येचा अपमान करता का म्हणतील. तसं झालं असतं तर आपण उठून परत गेलो असतो, पोरीला म्हटलं असतं की देवाच्या दारात नाही जमलं. महाराजांनी ती वाटच ठेवली नाही. मांडीवर पोथी, पोथीवर कागद, आणि ते लिहू लागले.

"शिक्षण किती लिहू?"

केशवरावांनी हात जोडले. "बारावी लिहा जी."

महाराजांनी सही केली. "चूक माझी लिहिली आहे. ऐकण्यात माझी गफलत झाली, असं. गादीची नाही, तुमची नाही, पोरीची नाही. घेऊन जा. आणि माउली, जेवून जा, पंगत बसतेच आहे."

पंगतीत केशवराव घासागणिक खिसा चाचपत होते. कागद छातीच्या खिशात होता आणि बनियन घामानं भिजलं होतं.

गुरुवारी सकाळी बाप-लेक दोघं गाडीत बसून गेली. गाडीची वाट पाहताना फाट्यावर उर्वशीनं कागद वाचला. दोनदा वाचला.

"महाराजांनी लिहून देल्लं?"

"हो."

"काही बोलले नाई?"

"जेवाले लावलं."

तिनं कागद घडी करून परत दिला. चंचल शेजारीच होती, ती म्हणाली, "चाल ना वं, काम भेटून राहिलं तं तोंड कायले पाडतं? माह्या बाजूची बदली पोरगी पाच बुचं तिरपी लावते, मले शिव्या पडते."

वीरेंद्रनं कागद उभ्यानंच वाचला. छान आहे म्हणाला, महाराजांचं अक्षरही छान आहे म्हणाला. यंत्रानं दोन भोकं पाडून फाइलमध्ये ओवला. मग खाली बोट ठेवलं. "इथं हिंदीत लिही. मेरी योग्यता बारहवीं है. सही, तारीख."

उर्वशीनं लिहिलं. केशवराव मान वळवून सरकीच्या ढिगाकडं पाहत होते.

"चंचल, तू लाइनवर जा," वीरेंद्र फाइल बंद करत म्हणाला. "उर्वशी, तू इकडं. लॅबचा पोरगा आठवडा झाला सोडून गेला. तेलातलं आम्ल रोज तपासावं लागते, दिवसाचे बारा नमुने. टायट्रेशन जमते ना?"

"जमते," उर्वशी म्हणाली.

"जमणारच. रविवारीच कळलं मला."

केशवरावांच्या कानांवर त्यांचाच विश्वास बसेना. "म्हंजे, साहेब? लॅबमधी घेतलं पोरीले?"

"काम लॅबचं. कार्ड हेल्परचंच राहील, काका. बूच लावण्याचा होता तेवढाच पगार. फाइलमध्ये बारावी आहे ना. बारावीवाल्याला केमिस्टचा पगार दिला तर ठेकेदार मला बाहेर काढेल."

मागं ट्रकचा हॉर्न वाजत होता. केशवरावांना गोष्ट कळायला तो हॉर्न थांबेपर्यंतचा वेळ लागला.

"मंग थो कागद वापस द्या जी," ते म्हणाले. "मी हिच्या अंकसूच्या आणतो. साऱ्या आणतो. पहिली आली हाय थे कॉलेजातून."

"आता कसा देऊ? लागला ना फाइलला. आणि तुम्हीच आणला होता." वीरेंद्रनं भिंतीकडची खुर्ची ओढून त्यांच्यापुढं केली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "बसा, काका. पाणी घ्या. पोरगी सावलीत काम करेल, वाईट काय झालं?"

"नाई करत," केशवराव उर्वशीला म्हणाले. "चाल घरी. कापूस वेचू."

उर्वशीनं बापाकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, पण तो सगळा बापावरचा नव्हता. "अन् कापूस सरल्यावर?" ती म्हणाली. "जा तुम्ही, बाबा. आभाळ पाहा कसं झालं. माय एकटी हाय रानात."

खिळ्याला एक पांढरा कोट लटकत होता, आधीच्या पोराचा. तिनं तो अंगात घातला. बाह्या लांब झाल्या, त्या तिनं दोन दुमड्या घालून वर केल्या आणि काचेच्या दारामागं गेली.

केशवराव खुर्चीवर बसले नाहीत. गेटकडं जाताना ते त्या काचेपाशी थांबले. पोरगी पाच वर्षं नेमकं काय शिकत होती, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता ती एका उभ्या, लांब काचनळीवर डोळे लावून उभी होती. एका हातानं खालची तोटी फिरवत होती, दुसऱ्या हातानं तेलाचा चंबू गोल गोल हलवत होती. वरून थेंब पडत होता, मग थोडं थांबून दुसरा. चिंध्या बांधलेल्या बोटांचा हात, पण जरा हलत नव्हता. तिचा श्वाससुद्धा थांबल्यासारखा. एक थेंब पडला आणि चंबूतलं तेल हलकं गुलाबी झालं. तिनं लगेच तोटी बंद केली, वहीत आकडा लिहिला आणि पुढचा चंबू घेतला. मृदंगावर बोट पडावं तितकं ते नेमकं होतं. केशवराव भान हरपून पाहत राहिले.

गार्ड बाहेर जाणाऱ्यांचं रजिस्टर घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. तोही काचेतून पाहू लागला.

"तुमची पोरगी व्हय का ते? हात कसा चालते पाहा. भल्ली शिकलेली दिसते. किती शिकली जी?"

वीरेंद्र दारातच होता, फाइल काखेत धरून.

"बारावी," केशवराव म्हणाले, आणि सही करायला रजिस्टर हातात घेतलं.